ओल्या दाव्याची गाठ

पुरात भिजून उन्हात वाळलेल्या वहीला एक वास असतो. गाळाचा, शेवाळाचा, आणि आत कुठंतरी उरलेल्या शाईचा. पुंडलिकनगरच्या माझ्या घरात कपाट उघडलं की आजही तो येतो, आणि आश्विनातलं ते धुतलेलं पिवळं ऊन डोळ्यांसमोर उभं राहतं.

गंगापूरच्या पुढं, गोदाकाठच्या एका शाळेत तेव्हा मी शिकवत होते. पाणी ओसरून महिना झाला होता. वर्गाच्या भिंतींवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर मातकट रेघ उमटली होती, शिवारात आडवा झालेला ऊस कुजत होता, आणि एरवी कान किटवणारी मुलं गप्प गप्प झाली होती. बोलत नाहीत तर निदान लिहू देत, म्हणून मी त्यांना पुरावर कविता लिहायला सांगितल्या. त्यांचं हस्तलिखित करायचं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना बोलावून वाचून दाखवायचं, असं ठरवलं. नव्या वह्या यायच्या होत्या, म्हणून मुलांनी वाळवलेल्या वह्यांतच लिहिलं.

पाचवीतली सुमन शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिची कविता सात ओळींची. आईनं चांदी शेळीला संध्याकाळी पक्की गाठ मारून बांधलं. पहाटे पाणी शिरलं. विळा सापडेना, म्हणून आई गळ्याइतक्या पाण्यात ओलं दावं दातांनी ओढत राहिली. शेवटची ओळ होती, ‘ओली गाठ सुटत नाय.’

वाचताना मला रडू आवरेना. पण माझं शहाणपण कुठलं गप्प बसायला! मुखपृष्ठावर ‘नवी उभारी’ रंगवून झालं होतं ना. मी लाल शाईनं खाली लिहिलं, ‘छान. शेवट चांगला कर.’

वाचनाच्या दिवशी पटांगणात पालक बसले होते. सुमननं कविता म्हटली आणि शेवटी, अगदी हलक्या आवाजात, ‘गाठ सुटली, चांदी पोहत पल्याड गेली.’

टाळ्या पडल्या. बायकांतून तिची आई उठून उभी राहिली.

“सुटली व्हती गाठ? तू पाह्यलं व्हतं, सुमे? मंग मला सांगितलं का नाय गं?”

महिनाभर विझलेल्या त्या चेहऱ्यावर असा उजेड आला होता, की मला तिकडं बघवेना. सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

“नाय, आई. बाईंनी शेवट चांगला करायला सांगितला व्हता.”

तिची आई हळूच खाली बसली. पुढच्या मुलाची कविता सुरू झाली.

सगळे पांगल्यावर मी तिची माफी मागायला गेले. काय बोलले, देव जाणे. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उलट माझीच समजूत घातली. “ऱ्हाऊ द्या, बाई. घडीभर का व्हईना, सुटली व्हती.”

हस्तलिखित मी पुढं बांधलंच नाही. सुमननंही वही परत मागितली नाही. त्या पानावर खोडलेली एक ओळ आहे, तिच्याखाली दुसरी. यांतली कुठली राहू द्यावी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.