विहिरीजवळचा चौकोन

रमेशदादा चुरी आमच्या आळीतला सगळ्यात हुशार माणूस, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. त्याची वाडी आणि माझी वाडी एकाच विहिरीवर. तिचं पाणी आम्ही पाळीने घेतो. एकाची मोटार बंद झाली की दुसऱ्याची सुरू. पाळी यायच्या आधी घरातलं कुणीतरी जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसतं. माणूस बसलेलं दिसलं की त्या पाळीला कुणी हात लावत नाही, अशी जुनी रीत आहे. कठडा रिकामा दिसला की मात्र रमेशदादा दुसऱ्याचं पाणी खुशाल उपसून घ्यायचा. माझ्या पानवेली त्याने अशाच वाळवल्या आणि वर मलाच विचारलं, "बाबू, वेली का रे सुकल्या तुझ्या?"

त्याच्या घरातून कठड्यावर सून बसायची. स्वप्ना लग्न होऊन आली त्या पहिल्याच मे महिन्यात त्याने तिला भर दुपारी तिथे बसवलं. हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती. मी म्हटलं, अरे दादा, झाडाखाली तरी बसू दे पोरीला. तो म्हणाला, "झाडाखाली बसली तर कठड्यावर कोन दिसनार?"

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ शाबूत राहिली. देवाने एवढं केलं, तर जिभेचंही बघायला हवं होतं. मुलगा मयूर सकाळी अंधेरीला नोकरीवर जातो तो अंधार पडल्यावर परत येतो. त्यामुळे म्हाताऱ्याची आंघोळ, मालिश, औषधं, पेज भरवणं सगळं स्वप्नावर, आणि त्यात वाडीतली फुलं खुडणंही आलंच. ती शिकलेली मास्तरीण आहे. विरारच्या एका शाळेने तिला गेल्या वर्षी बोलावलं होतं, यंदा पुन्हा बोलावलं. म्हाताऱ्याचं करायला पलीकडच्या आळीतली आल्बिना दोन्ही वेळी तयार होती. आजारी माणसांचं करण्यात तिचा हात बसलेला आहे आणि बाई स्वभावानेही चांगली आहे.

गेल्या वर्षी दादाने हे ऐकून घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. "परक्या बाईचा हात नको मला. तुझ्यासारखी दुसरी मिळायची नाय, पोरी."

या एका वाक्यावर तिने तेव्हा शाळेला नाही म्हणून कळवलं. इतक्या वर्षांत सासऱ्याच्या तोंडून आलेला तो पहिला गोड शब्द होता, आणि तिने तो दागिन्यासारखा जपून ठेवला होता. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. यंदा शाळेने शनिवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी मोटारीचं विचारायला गेलो तेव्हा ती पडवीतच उभी होती. हळूच म्हणाली, "काय करू, बाबूकाका? जाववत नाही हो. माझ्याशिवाय त्यांचं कसं होईल?"

तेवढ्यात आतून दादाची हाक आली.

पलंगावर ठेवलेल्या पाटावर मयूरचा जुना लॅपटॉप मांडला होता. डाव्या हाताने माऊस चालवा, हाताला आणि डोक्याला दोन्हीला व्यायाम होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वप्नानेच शोधून शोधून घाई नसलेला खेळ आणला होता. राक्षस, पडके किल्ले, जादूटोणा, आणि सगळी जमीन चौकोनाचौकोनांची. आपण आपली माणसं हलवायची, मग राक्षस हलणार. आपण हललो नाही तर खेळ मुकाट्याने थांबून राहतो.

"म्हंजे पाळीचं पानी," दादा म्हणाला. त्याला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

खेळातल्या माणसांना नावं द्यायची होती. तो सांगत गेला, स्वप्ना टाइप करत गेली. घोड्यावरचा सरदार अर्थातच रमेश. धनुष्यवाला मयूर. जखमा बऱ्या करणारी पांढऱ्या झग्यातली वैदीण, ती स्वप्ना. स्वतःचं नाव लिहिताना ती जरा हसली, मी पाहिलं. आणि ढाल घेतलेला एक ढेरपोट्या होता, त्याला दादाने माझं नाव दिलं.

खेळाबद्दल त्याची मतं लगेच तयार झाली. संगीत रडकं आहे. डोंगर नीट काढलेले नाहीत. राक्षस मात्र त्याला आवडले. "बघ बाबू, आपली पाळी होईस्तोवर कसे गुमान उभे राहतात. शेजाऱ्यांपरीस बरे." मग त्याने मला तीन राक्षसांच्या मधोमध नेऊन ठेवलं आणि मी मेलो. तो खोकला लागेपर्यंत हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

पुढे पटावर एक विहीर दिसली. नुसतं चित्र होतं, खेळात तिचा काही उपयोग नव्हता. दादाचे डोळे चमकले.

"स्वप्नाला न्हेऊन बसवू तिथं. पाळी धरून ठेवू."

"बाबा, ती एकटी पडेल," स्वप्ना म्हणाली. "तिला लढता येत नाही. आणि इथे विहीर अडवून काही होत नाही."

"मानूस बसलेलं असलं की कोन हात लावत नाय. मला शिकवू नको."

त्याने डाव्या हाताने वैदिणीला विहिरीजवळच्या चौकोनात नेऊन उभं केलं आणि आपली पाळी संपवली. राक्षसांना आमच्या आळीची रीत कुठून ठाऊक असणार? त्यांनी तिला घेरलं. पांढरा झगा जमिनीवर कोसळला, आणि स्वप्ना हे जग सोडून गेली आहे, असं काहीतरी पडद्यावर आलं.

स्वप्ना पेजेची वाटी घेऊन उशाशी उभी होती. ती म्हणाली, "लढाई पहिल्यापासून सुरू करता येते, बाबा. मग ती जगेल."

"आनि मी मारलेले राक्षस?"

"तेही परत येतील."

"मग नको. जिंकत आलोय मी." त्याने पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही. "वैदीण दुसरी मिळते का?"

"मिळते. पुढच्या गावात."

"मग झालं की. हिला जाऊ दे."

मला वाटलं आता वाटी खाली पडणार. पडली नाही. तिने त्याला उरलेली पेज भरवली, घास घास करून, नेहमीसारखीच. हनुवटीवरचा ओघळ टिपला. त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली. तो पडद्यावरच बघत होता.

मग ती म्हणाली, "बाबा, सोमवारपासून आल्बिना येईल तुमच्याकडे."

"कोन आल्बिना?"

"दुसरी."

आता मात्र त्याने मान वळवली. पण ती वाटी घेऊन आत गेली होती, आणि स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज येत होता. सोमवारी वेळेवर पोचते, मॅडम, असं ती सांगत होती. आवाज अगदी साधा होता. दादाने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ओरडला. तिने फोनवरचं बोलणं पूर्ण केलं.

पडद्यावर त्याची पाळी आली होती. खेळ थांबून राहिला होता.

शेवटी तो मला म्हणाला, "बाबू, मग विहिरीवर कोन बसनार रे?"

सुनेचं नाही, आल्बिनाचं नाही, विहिरीचं विचारलं त्याने. मी माझ्या पानवेली आठवल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जिकडे त्याला काही कळत नाही त्या उजव्या खांद्यावर.

"मी आहे ना, दादा," मी म्हणालो. त्याचा चेहरा उतरला, आणि मी तो नीट बघून घेतला.