बहिणीची पोरगी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. थकले असेन.

माझ्या गार्गीला काही 'कर' म्हटलं, की ते तिच्याकडून होत नाही. हट्ट नाही तो. अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं — कुणी काही करायला सांगितलं, की तिचा जीव घाबरतो, साप दिसल्यावर आपला घाबरावा तसा. 'खा' म्हटलं तर आवडीचं आइस्क्रीमही हातात वितळून जातं. म्हणून मी चपलांशी बोलते, "कुठं गेल्या बाई या?" — मग ती आपणहून घालते. दात घासणं, दप्तर, जेवण, सगळं असंच आडून. रोज. किती दिवस बोलू शकतं माणूस असं?

ती तेव्हा सात वर्षांची असेल. माझ्या माहेराहून, अकोटहून, आम्ही दोघी एसटीनं अकोल्याला परतलो. ऊन मी म्हणत होतं. स्टँडवर गाडी रिकामी झाली आणि गार्गी सीटखाली शिरली. माझ्याकडचं आडून बोलणं त्या दिवशी संपलं होतं. मी ओरडले, "उतर!" ती किंचाळायला लागली, माझ्या हाताला चावली. चढणारी माणसं दारात खोळंबलेली. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "काहून वो बाई, तुमची पोरगी हाये का हे? काही वळण लावलं का नाही?"

आणि मी — मी म्हणाले, "नाही वो. बहिणीची हाये. मी फक्त घेऊन आली."

मला बहीण नाही. गार्गीला ते ठाऊक होतं.

किंचाळणं थांबलं. ती बाहेर आली, फ्रॉक झटकला, मुकाट उतरली. जुन्या शहरात आमचं घर; वाटेत मोर्णा नदीच्या पुलावर तिनं विचारलं, "मंग माही आई कोन हाये?"

तिथंच बसून तिला जवळ घ्यायला असा किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "चाल लवकर." आणि ती चालली. सांगितल्याबरोबर. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

नवऱ्यानं घरी विचारलं, "आज तरास नाही दिला?"

"प्रेमानं समजावलं," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर — पण नाही थांबलं. त्यानंतर फार थकले, की घरात कुणी नसताना मी ते पुन्हा वापरलं. ओरडून नाही, हळूच, भांडी लावता लावता. "मी तुही आई नाही." ती लगेच उठायची. दप्तर भरायची. किती वेळा? मोजायची हिंमत नाही.

आता ती बारा वर्षांची आहे. पाहुणे म्हणतात, केवढी शहाणी झाली पोरगी, काय केलं तुम्ही? मी म्हणते, धीर धरला.

ती मला हाक मारत नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते. आज दुपारीही आली. तहान लागली होती तिला. मी पाणी दिलं.