दोन आळ्यांचा पासवर्ड

गुणाजी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं गेटवर होता. मी आत फिटर. आम्ही एकाच गावचे, रोज एकाच गाडीने कासू स्टेशनला उतरणारे. तरी सुटताना तो माझा डबा उघडून बघायचा. एकदा मॅनेजर पास घरी विसरला. गुणाजीने त्याला नमस्कार केला आणि पाऊण तास बाहेर उभा ठेवला.

रिटायर झाल्यावर गावाने त्याला शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या कमिटीवर घेतलं. सोसायटीत कॉम्प्युटर होता. कोणाच्या तरी पुतण्याने त्यात पत्त्यांचा खेळ टाकला, खेळाबरोबर आणखी काहीबाही शिरलं आणि मशीन आठ दिवस बंद पडलं. तेव्हा गुणाजीने नियम केला. नवीन काही बसवायचं तर मुख्य पासवर्ड लागेल, आणि तो एका माणसाकडे राहणार नाही. अर्धा खालच्या आळीच्या गुणाजीकडे, अर्धा वरच्या आळीच्या हिरामणकडे. कागदावर लिहायचा नाही.

हे त्याने बांधावरून घेतलं. आमच्या खाडीच्या बांधाला उघाडी आहे, पाणी सोडायचं-अडवायचं लाकडी दार. दोन आळ्यांची दोन माणसं असल्याशिवाय ते हलवत नाहीत. ओहोटीला खालच्या आळीचा हात आधी लागतो, भरतीला वरच्या आळीचा. यावरून पूर्वी डोकी फुटली आहेत.

वर्षभर पासवर्डची गरज पडली नाही. मग भात खरेदीच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी जुनं सॉफ्टवेअर चालेना. नवं बसवणं भाग होतं. पाचच्या आत बेचाळीस नावं चढली नाहीत, तर गावचं भात यंदा खरेदी केंद्रावर जाणार नव्हतं. सोसायटीची क्लार्क वैशाली हिला रोजचं काम करायची परवानगी होती, बसवायची नव्हती. तिने पावणेतीनला बटण दाबलं आणि मशीनने मुख्य पासवर्ड मागितला.

हिरामण मिठागरावर होता. मी आणायला गेलो. जाताना वीस मिनिटं लागली, येताना तीस, कारण त्याने आधी पाय धुतले.

गुणाजीने सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. आपला अर्धा टाकला, उठला. हिरामणने आपला टाकला. चुकीचा. दोघांनी परत टाकला. परत चुकीचा.

"गुणा, तुझा अर्धा तू विसरलास," हिरामण म्हणाला. "वय झालं."

"एकतीस वर्षांत एक गाडी नंबर विसरलो नाय."

"मग मशीन खोटं बोलतंय, व्हय?"

चार वाजले. बाहेर माणसं सातबारे घेऊन उभी होती, त्यांनी खिडकीतून अक्कल शिकवायला सुरुवात केली. वैशालीने विचारलं, पासवर्ड लावला त्या दिवशी आधी कोण बसलं होतं?

"हिरामण," गुणाजी म्हणाला. "तेव्हा भरती होती."

"आणि आज आधी तुम्ही का बसलात?"

"आज ओहोटी हाय गो."

वैशालीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "काका, मशीनला खाडी ठाऊक नाय. पहिल्या दिवशी जो आधी, तो कायम आधी."

गुणाजीने भरती कधी लागते ते विचारलं. सहा वीसला, हिरामणने सांगितलं, आणि आपण थांबायला तयार आहोत असंही सांगितलं. गुणाजीने खिडकीकडे बघितलं. तिथे खालच्या आळीचे निम्मे लोक होते. भर ओहोटीला वरच्या आळीला पुढे करायचं, तेही त्यांच्या देखत.

"बस," तो हिरामणला म्हणाला. "आणि मुद्दाम हळू टाकू नको."

हिरामण हळूच टाकत होता. मग गुणाजीने टाकला आणि मशीन उघडलं. दोन मिनिटांनी मशीनने सॉफ्टवेअरच्या आणखी एका भागासाठी तोच पासवर्ड मागितला. या वेळी गुणाजी आपणहून बाजूला झाला.

पाचला सात मिनिटं कमी असताना बेचाळिसावं नाव चढलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीने त्याला मारुतीच्या देवळात बोलावून जाब विचारला. आळीतला जगन म्हणाला, आळीचा मान घालवला, याच्याकडून पासवर्ड काढून घ्या. गुणाजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, खुशाल घ्या. अकरा अक्षरं आहेत, सात आकडे नि चार इंग्रजी, लिहायची नाहीत, आणि बोलावलं की हातातलं काम टाकून यायचं. कोण घेतो?

जगनला कोंबड्या कोंडायच्या होत्या. बाकीचेही उठले.