शिवडीच्या गोदामातले संशयी

चार माणसं एका जागी कामाला लागली की किस्से आपोआप साठतात. पण ती माणसं संशयी असतील तर ठेवायला जागा पुरत नाही! आमच्या शिवडीच्या गोदामाचं तसंच आहे.

काम थोडक्यात सांगते. अवकाशात दगडाचे कण आणि जुन्या यानांचे तुकडे बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगानं फिरत असतात. बारीकसा तुकडाही उपग्रहाला भोक पाडू शकतो. म्हणून आम्ही ढाल बनवतो. पुढे पातळ पत्रा, मध्ये मोकळी जागा, मागे जाड पत्रा. कण पुढच्या पत्र्यावर आपटतो, त्याचा भुगा होतो आणि मागचा पत्रा वाचतो. खरंच वाचतो का, ते बघायला गोदामात गॅसवर चालणारी लांबलचक बंदूक आहे. तिच्यातून बारीक छर्रे मारायचे आणि पत्रे तपासायचे.

पाटणकर सर मालक, सावंतकाका बंदूक सांभाळणारे, मी इंजिनिअर. सरांचा कशावरच विश्वास नाही. चहा मस्त झालाय म्हटलं तरी विचारतात, "कोणी चाखला?"

*

शेजारच्या गोदामात मेहताशेठचा मसाल्याचा माल. बंदूक उडाली की धप्प आवाज होतो आणि शेठ हजर! "माझी भिंत हलते."

एकदा दुपारी तणतणत आले. "आत्ता केवढा हादरा दिला तुम्ही!"

बंदूक जमिनीवर सुटी करून पसरली होती, दुरुस्तीला. सरांनी आत नेऊन दाखवली.

शेठनं एकेक तुकडा निरखून पाहिला आणि सरांच्या कानाशी आले. "आता बंदुकीशिवाय पण जमायला लागलं?"

*

सावंतकाका लालबागचे, बोलणं मात्र मालवणी. एका सकाळी टॅक्सीतून येताना मला फोनवर सांगत होते, "आज दहा वाजता गोळी घालूची हा. पुढचो गेलो तरी चलात, मागचो वाचाक व्हयो!"

टॅक्सीवाल्यानं गाडी थेट पोलीस चौकीसमोर उभी केली.

काका चौकीत ओरडत होते, "मी तुमका गुन्हेगार वाटतंय?" शेवटी त्यांना घेऊन इन्स्पेक्टर स्वतः गोदामात आले. परवाने तपासले, बंदूक पाहिली. मी जुने पत्रे दाखवले. पुढच्याला आरपार भोक, मागचा शाबूत.

बराच वेळ ते त्या भोकाकडे बघत राहिले. मग सोबतच्या हवालदाराला म्हणाले, "शिंदे, बंदोबस्ताला आपलं असंच असतं ना?"

हवालदार पटकन म्हणाला, "हो साहेब. पुढे आम्ही असतो."

*

फणसवाडीच्या मावशीनं माझ्यासाठी स्थळ आणलं. आईनं सांगितलं, मुलगी उपग्रहाचं काम करते. मुलाच्या आईला पटेना. "शिवडीत कसले आलेत उपग्रह?" म्हणून बाई कोणाला न सांगता स्वतः खात्री करायला गोदामावर आल्या.

दारात सर! सरांना प्रत्येक अनोळखी माणूस दुसऱ्या कंपनीनं पाठवलेला वाटतो.

"कोणाकडून आलात?"

"मुलाकडची आहे मी."

"मुलाकडची म्हणजे? कंपनीचं नाव सांगा!"

त्यांनी बाईंना उंबरा ओलांडू दिला नाही. स्थळ गेलं. मी दिवसभर सरांशी बोलले नाही. सावंतकाका माझी समजूत काढायला आले. "बरा झाला गो बाये. हय सर, थंय सासू. जगलं असतंस?"

*

एका उपग्रह कंपनीचे साहेब चाचणी बघायला आले. पहिलीच मोठी ऑर्डर मिळायची होती. बंदूक उडाली, पत्र्यांची पेटी उघडली. मागचा पत्रा अगदी लख्ख! साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी टॉर्च काढला. "छर्रा एकच मारला ना? मग पुढच्या पत्र्याला इतकी बारीक बारीक भोकं कशी?"

मी वाकून पाहिलं. छर्रा नळीतच फुटला होता. ढालीच्या पॅनेलवर नुसता चुरा पोचला होता. म्हणजे चाचणी झालीच नव्हती.

साहेब म्हणाले, "सर, मी खूश आहे. तुम्ही कशाला शोधताय?"

"आत्ता खूश आहात. वर गेल्यावरही राहायला हवं."

पुन्हा मारलं, आणि मागचा पत्रा फाटला. साहेब तडक निघून गेले. मला रडू आवरेना. सरांचा इतका राग आला की राजीनामा लिहायला घेतला. पण ते रिकाम्या पेटीसमोर एकटेच बसून होते, चेहरा उतरलेला. ते पाहून मी लॅपटॉप मिटला. मग पुढे कितीतरी दिवस पत्र्यांमधलं अंतर बदल, जाडी बदल, पुन्हा मार, असं चाललं. शेवटी मागचा पत्रा टिकला. साहेब परत आले, आणि आमचं पॅनेल वर गेलं.

*

उपग्रह फिरायला लागून बरेच महिने झाले होते. एके दिवशी सरांचा फोन वाजला. त्या कंपनीतल्या मॅडम. सरांनी स्पीकरवर टाकला.

"सर, काल उपग्रहाला कशाचा तरी धक्का बसला. जरासा फिरला, मग आपोआप सावरला. सगळं व्यवस्थित चालू आहे. थँक यू!"

मी किंचाळलेच! सावंतकाकांचे डोळे भरले. ते तसेच धावत परळला गेले, पेढे घेऊन आले. मेहताशेठलासुद्धा दिले! मॅडम अजून फोनवरच होत्या, सर त्यांना हजार प्रश्न विचारत होते.

"धक्का कोणत्या बाजूला बसला, कळतं का?"

"हो सर. उपग्रह कसा फिरला त्यावरून कळतं. डाव्या बाजूला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे. आमचं पॅनेल उजव्या बाजूला आहे.

सरांनी घसा साफ केला. "तिकडे कोणाचं पॅनेल आहे?"

"तिकडे? पॅनेल नाहीये सर. नुसता साधा पत्रा आहे."

काकांच्या हातात पेढ्याचा बॉक्स तसाच.

सरांनी कागद ओढला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "मॅडम, त्या पत्रेवाल्याचा नंबर देता का?"