जावयाला न सांगण्यासारखं

माझ्या बायकोची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे: मी नसत्या ठिकाणी नाक खुपसतो. खरं आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो, आणि आत अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्याआधी विचारतो, बंद पडताना आवाज कसा आला? सासूबाईंना ब्लड कॅन्सर झाला आणि त्या विक्रोळीला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा या नाकाला पहिल्यांदा खरं काम मिळालं.

सासूबाई मालवणकडच्या. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी माझ्याशी थेट बोलत नसत. जावयाशी बोलायचं ते मुलीमार्फत, आणि मुलगी घरात नसेल तर फ्रिजकडे बघून. "चाय झाली हा," असं फ्रिजला सांगितलं की मी कप उचलायचा. मला त्याचा कधी राग आला नाही, उलट गंमतच वाटायची.

केमोची दुसरी जड फेरी झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. बायकोच्या रजा संपल्या होत्या, माझ्या साठल्या होत्या, म्हणून दिवसा घरी मी. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "या दिवसांत रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. ताप, जुलाब, पोटदुखी, काहीही झालं तरी लगेच आणा." मी दिवसातून चारदा ताप मोजून वहीत लिहायचो. ताप नव्हता. कसं वाटतंय विचारलं की फ्रिजला उत्तर मिळायचं, "बरा आसा."

एका सकाळी घरात हिंगाचा वास आला. शेगडी बंद होती, डाळ अजून भिजतच होती. मग वास कसला? मिसळणाच्या डब्याशेजारची हिंगाची डबीही जागेवर नव्हती. वासाच्या मागे मागे गेलो तर थेट सासूबाईंच्या पलंगापाशी पोचलो. आमच्याकडे तान्ह्या बाळाचं पोट दुखलं की बेंबीभोवती हिंग कालवून लावतात, आणि आमच्या घरात बाळ नव्हतं.

"पोट दुखतंय का?" मी विचारलं. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि भिंतीला सांगितलं, "काय नाय."

मी बायकोला फोन लावला, तो त्यांच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिथेही ऐकू येतच होतं. "त्यांका कसा सांगू गो? जावय ते!"

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा बायको रडत होती आणि ओरडतही होती. "परवापासून जुलाब होतायत तिला. उजव्या बाजूला दुखतंय. आणि अंग दुखतं म्हणून गुपचूप तापाची गोळी घेतेय! तू काय मोजत होतास रे? रिक्षा पकड आधी!"

मला सासूबाईंचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त त्या वहीचा. पानभर अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सुवाच्य अक्षरात.

हॉस्पिटलात स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, उजवीकडे, एक पिशवीसारखा भाग असतो. केमो कॅन्सरला मारते तसं आतड्याचं अस्तरही सोलून काढते. मग जंतू भिंतीत शिरतात आणि त्यांना अडवायला पांढऱ्या पेशी नसतात. सासूबाईंची ती भिंत सुजली होती.

"फुटली तर?"

"ऑपरेशन. पण आत्ताच्या रक्तावर ते झेपेल का, सांगता येत नाही."

म्हणून तोंडाने पाणीसुद्धा बंद. सलाइन, अँटिबायोटिक, आणि पेशी वाढायची वाट बघायची. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला प्रश्न सुचतात. उजवीकडेच का? आतड्याला आवाज असतो का? डॉक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी एकदा स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावून माझ्याच पोटावर ठेवला. भाताचं पातेलं रटरटावं तसा आवाज आला. मी खूश झालो.

"त्यांचं अजून गप्प आहे," त्या म्हणाल्या.

रोज राउंडला त्या विचारायच्या, "आजी, गॅस पास झाला का?" वारा सरला म्हणजे आतडं पुन्हा कामाला लागलं. सासूबाई माझ्याकडे बघून तोंड फिरवायच्या, मी बाहेर जायचो. मग बायको येऊन मान हलवायची. नाही. पाच दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी पेशी जराशा वाढल्या, पण पोट गप्पच होतं.

सहाव्या सकाळी बायको अजून यायची होती. मी खुर्चीत बसून सलाइनचे थेंब बघत होतो. सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी दाराकडे बघितलं, नर्स नव्हती. सगळ्या खोलीवर नजर फिरवली, पण तिथे फ्रिजही नव्हता. शेवटी त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत.

"आयकलात? वारो सरलो. डाक्टरांका सांगा."

एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. दाराशी धावलो. डॉक्टरबाई पॅसेजच्या टोकाला होत्या, पण मला दम धरवत नव्हता. "आजींचा गॅस पास झाला!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "दोनदा, म्हणान सांगा."