झाकण उचलणारे केंद्रप्रमुख

आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते. दहा शाळांच्या मास्तरांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख झरीकडून फटफटीवर येतात आणि आधी माझ्या पातेल्याचं झाकण उचलतात. "मावशी, मीठ हाय का?" असं दरवेळी विचारतात, पण चाखत कधीच नाहीत. मला हा माणूस आवडत नव्हता. बूट काढून वर्गात मागं, मेंढपाळाच्या पोरीशेजारी मांडी घालून बसायचे आणि वहीत काहीबाही लिहायचे.

वाचनचाचणीच्या दिवशी निम्मा वर्ग मेंढरांमागं रानात होता. आला नाही त्याला वाचता येत नाही, असं धरून तालुक्याच्या शिक्षण कचेरीनं वर्गाच्या बाईंना नोटीस काढली. ती द्यायला कचेरीतले मोठे साहेब स्वतः वर्गात आले, केंद्रप्रमुखही सोबत होते. बाईंच्या नोकरीला कायमचा डाग लागणार होता.

केंद्रप्रमुखांनी साहेबांच्या हातातली नोटीस मागून घेतली आणि मागच्या त्या पोरीला दिली.

"वाच गं माय."

पोरगी उभी राहिली. "आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना वाचता येत नाही, याचा लेखी खुलासा सादर करावा." खालच्या सहीपर्यंत कुठंच अडखळली नाही.

"चाचणीला कुठं होतीस?" साहेबांनी विचारलं.

"मेंढरं राखायलते, सर."

"घ्या साहेब, खुलासा," केंद्रप्रमुख म्हणाले. साहेबांनी तिथंच नोटीस फाडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही पळी आपटली.

जाताना त्यांनी पुन्हा झाकण उचललं. "मावशी, मीठ हाय का?"

"खाऊन बघा की," मी म्हणाले.

दोनदा मागून खाल्ली.