काटेवाली बाई आणि भिंतीवरचा आराखडा

काटेवाली बाई मला कधीच आवडली नाही. मीही तिला आवडत नव्हतो, हे तिने ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगितलं होतं.

आरोग्य केंद्रात मी औषधं द्यायचो आणि समोरच्या खोलीत ती लहान मुलांची वजनं घ्यायची. सव्वीस वर्षं तिने तेच केलं. प्रत्येक मुलाआधी काटा शून्यावर आणायची, मग चप्पल, स्वेटर, मुठीतलं खेळणंसुद्धा काढून ठेवायला लावायची. आई कुरकुरली तर म्हणायची, "मला पोराचं वजन हवंय, खेळण्याचं नको." तिला काटेवाली म्हणत ते काट्यामुळे की जिभेमुळे, कोण जाणे.

केंद्रातली मोठी सिस्टर तिची सख्खी नणंद. दोघी एकाच घरात राहायच्या. नणंद घरी तिला 'वहिनी' म्हणे आणि केंद्रात 'बाई', पण सूर दोन्हीकडे सारखाच, तुटक.

एके वर्षी पूरक आहाराची योजना आली आणि तिच्याबरोबर साहेब आले. त्यांनी बाकांसमोरच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. पाच चौकटी, मधे बाण. पहिल्या चौकटीत पिठाच्या पुड्या, माणसं, गाडी. दुसरीत पुड्या वाटणं आणि आयांना शिकवणं. तिसरीत किती घरांत पुड्या पोचल्या. चौथीत मूल रोज दोनदा घट्ट लापशी खातं. पाचवीत मुलाचं वजन वाढतं. आराखडा वाईट नव्हता. कशातून काय व्हायला हवं, हे तो कागद सरळ सांगत होता.

सहा महिन्यांनी तिसरी चौकट काठोकाठ भरली होती. शंभरातल्या चौऱ्याण्णव घरांत पुड्या पोचल्या होत्या. मुलांची वजनं मात्र जागची हलली नव्हती.

"वजन घेण्यात चूक होतेय," साहेब तिच्या खोलीच्या दारातूनच म्हणाले.

"काटा इथे आहे. लटकून बघा," ती म्हणाली.

सिस्टरने तिला सगळ्यांदेखत झापलं. मग नोंदवही पेन्सिलने भरायचा हुकूम निघाला. पेन्सिल कशासाठी, हे न कळायला आम्ही कुणी दूधखुळे नव्हतो. सगळ्यांनी पेन्सिली घेतल्या, मीसुद्धा. तिने पेनाने लिहिलं. त्या संध्याकाळी नणंद घरी म्हणाली, "वहिनी, तुमच्या हट्टापायी माझी खुर्ची जाईल." हे मला पुढे सिस्टरनेच सांगितलं, दात-ओठ खात.

त्यानंतर बाई सुट्टीच्या दिवशी घरोघर जायला लागली. बहुतेक आया सकाळी सहाला डबाबंद मालाच्या कारखान्यात जायच्या आणि पोरं गल्लीच्या टोकाच्या सांभाळणारीकडे सोडायच्या. दोन खोल्या, अकरा पोरं. घरोघरच्या पुड्या तिच्याकडेच यायच्या आणि ती त्या एकाच पातेल्यात ओतायची. बाईने लापशीत पळी बुडवून पाहिली. पळीवरून नुसतं पांढरं पाणी ओघळलं.

"वाटीला पाच चमचे घालायचे असतात. तू दोनच घालतेस."

"अकरातली सातच तुमच्या यादीत आहेत," सांभाळणारी म्हणाली. "बाकीच्या चौघांना काय बघत बसवू? तू करून दाखव. दाखव ना."

बाईने पळी खाली ठेवली. तिने वहीत सगळं लिहून घेतलं आणि आणखी चार गल्ल्या फिरली. सगळीकडे तेच, घरोघरी मातीच्या चुली.

मूल्यमापनाला बाहेरून एक बाई आल्या त्या दिवशी साहेबांनी चौकटी समजावून सांगितल्या. काटेवाली बाई मागून उठली आणि तिसऱ्या-चौथ्या चौकटीमधल्या बाणावर बोट ठेवून उभी राहिली.

"इथे एक घर आहे. त्यात कोण शिजवतं, किती जणांना वाढतं, ते कुणी बघितलंय का?"

"ते गृहीत धरलंय. खाली लिहिलंय," साहेब म्हणाले. खरंच, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, पालक सांगितल्याप्रमाणे मुलांना खाऊ घालतील.

"कुणाला विचारून धरलंत?"

"बाई, जागेवर बसा," सिस्टर म्हणाली.

"उभं राहूनच नोकरी केलीय मी, ताई." केंद्रात तिने नणंदेला 'ताई' म्हटलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. पाहुण्या बाईंनी हात पुढे करून तिची वही मागून घेतली.

अहवाल आला आणि पुड्या बंद झाल्या. आधी बंद, नवीन काय करायचं ते नंतर ठरणार होतं. दुसऱ्या दिवशी दहा-बारा आया दारात उभ्या राहिल्या. सांभाळणारी सगळ्यांत पुढे होती. "पातळ का होईना, पोटात जात होतं. तुझं काय गेलं होतं?" एकीने मुलाचं वजनाचं कार्ड बाईच्या पायाशी फेकलं. मीही खिडकीतून विचारलं, "झालं समाधान?" तिने कार्ड उचललं, झटकलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

चार महिने काहीच मिळालं नाही. यादीतल्या दोन मुली आणखी खाली घसरल्या. त्यातल्या एकीला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली.

मग नवा आराखडा आला. या वेळी कागद रंगवण्याआधी त्या पाहुण्या बाई दोन दिवस सांभाळणारीच्या घरी बसून राहिल्या होत्या. आता शिजवलेलं अन्न तिच्याच घरी, यादीत असो-नसो, सगळ्या पोरांना. मदतीला एक बाई. वर्षभरात त्या अकरातल्या आठ जणांचं वजन वाढलं, तिघांचं नाही. साहेबांची बदली झाली. सिस्टरची खुर्ची शाबूत राहिली, पण तिने घरात चूल वेगळी मांडली. सांभाळणारी दर महिन्याला बाईला घरात येऊ द्यायची, पोरं एकेक करून पुढे करायची, आणि वजनं झाली की दार लावून घ्यायची.

बाई निवृत्त झाली त्या दिवशी औषधाच्या खिडकीशी आली. मी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"चार महिन्यांचा होतो," ती म्हणाली. "आधी दुसरं उभं करा, मग हे बंद करा, असं सांगायला हवं होतं. बाणावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले."

मी चहा विचारला. तिने नको म्हटलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या मोजून घेतल्या.